नाशिक आणि रेकॉर्डची दुकानं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये रेकॉर्डचं दुकान अजून आहे का?

फक्त रेकॉर्ड विकणारं, वर तशी पाटी असलेलं दुकान शोधत मेनरोड नि एमजी रोडला फिरलात तर हाती फारसं लागणार नाही. आज रेकॉर्ड मिळतात त्या दुसऱ्या धंद्याच्या आधाराने. रेडिओ-ॲम्प्लिफायर दुरुस्त करणाऱ्याच्या मागच्या फळीवर, जुन्या पितळी वस्तू विकणाऱ्याकडे, रद्दीच्या दुकानात आणि गंगेवरच्या (म्हणजे गोदाकाठच्या) बुधवारच्या बाजारात जमिनीवर पसरलेल्या चादरीवर. बाजारात सकाळी लवकर जा. दुपारपर्यंत रेकॉर्डला ऊन लागतं आणि चांगला मालही वाकतो.

दुरुस्तीवाल्याला मात्र तोंडाने विचारावं लागतं. "रेकॉर्ड आहेत का?" एवढंच विचारलंत तर बहुधा "नाही" येईल. "सुई बदलायची आहे, आणि जुन्या एलपी असतील तर बघायच्यात" असं म्हटलंत की गोष्टी माळ्यावरून खाली येतात.

ही दुकानं बंद का पडली? लोकांनी गाणी ऐकणं तर सोडलं नाही.

ऐकणं सुटलं नाही, पण गाणं दुकानातून घेण्याची गरज टप्प्याटप्प्याने संपली. १९८० च्या दशकात कॅसेट एलपीपेक्षा, म्हणजे १२ इंची मोठ्या रेकॉर्डपेक्षा, कितीतरी स्वस्त झाली. दुकानदारांनी मग एलपी विकण्याऐवजी तिच्यावरून कॅसेट भरून द्यायला घेतलं. गिऱ्हाईक गाण्यांची यादी आणणार, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट घेणार, दोन दिवसांनी भरलेली नेणार. हे कायद्यात बसत नव्हतं. शिवाय एका एलपीवरून पन्नास जणांचं काम भागू लागलं की दुकानात दुसरी एलपी मागवायचं कारण उरत नाही. पुढे दीडशे गाण्यांची एमपीथ्री सीडी आली आणि त्यानंतर हेच 'भरून देणं' मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्डावर गेलं. शब्द तोच राहिला, दुकान बदललं. मुंबईत काळा घोड्याचं 'ऱ्हिदम हाउस' २०१६ मध्ये बंद झालं. तिथे जे टिकलं नाही ते नाशिकच्या दीडशे चौरस फुटांत टिकणं आणखी अवघड होतं.

आम्हाला यात सर्वांत मोठं नुकसान वाटतं ते काउंटरमागच्या माणसाचं. चाल गुणगुणली की रेकॉर्ड काढून देणारा आणि "ही घेऊ नका, दुसरी बाजू घासलेली आहे" असं स्वतःहून सांगणारा माणूस. ती माहिती कुठे लिहिलेली नव्हती.

आमचा वाडा पाडायला घेतलाय. माळ्यावर दोनशेच्या आसपास रेकॉर्ड निघाल्या. आधी काय करायचं?

सगळ्यात आधी रद्दीवाल्याला थांबवा. मग या क्रमाने जा.

ट्रंक किंवा गठ्ठा आहे तसा उचलू नका. लाखेच्या (जुन्या, ७८ फेऱ्यांच्या) रेकॉर्ड काचेसारख्या फुटतात आणि दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यातल्या कडेच्या आधी फुटतात. एका वेळी दहाच घ्या, दोन्ही हातांनी, कडेला धरून. एन-९५ मास्क लावा, कारण बुरशीची धूळ छातीत जाते.

त्या उभ्या लावा, आडव्या रचू नका. आडव्या थप्पीत खालच्या रेकॉर्डवर सगळं वजन येतं आणि मध्ये एखादं लहान, ७ इंची ईपी असेल तर वरच्या मोठ्या रेकॉर्ड त्याच्या कडेवर वाकतात.

कव्हरं फाटकी, रंग उडालेली असली तरी टाकू नका. रेकॉर्ड आणि तिचं कव्हर वेगळं झालं की किंमत निम्म्याखाली येते. आत बिलं, डीलरचे शिक्के, कोणाच्या लग्नात भेट दिल्याची तारीख असेल तर तेही त्याच कव्हरात राहू द्या. नाशिकच्या जुन्या विक्रेत्यांची नावं आज अशा शिक्क्यांवरच उरली आहेत. घाईत पुसली तर तीही जातील.

आणि पुसायला बसू नका. कोरड्या फडक्याने घासलेली धूळ खाचेत सॅन्डपेपरसारखी फिरते.

लाखेची कोणती आणि प्लास्टिकची कोणती, कसं ओळखायचं?

हातात घेऊन. लाखेची १० इंची रेकॉर्ड जड, ताठ आणि कडेला जाड असते. नखाने हलकेच वाजवली तर ठणठणीत आवाज येतो. ती मिनिटाला ७८ फेऱ्यांची, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं. व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकची, एलपी १२ इंची, ३३ १/३ फेऱ्यांची, किंचित लवचीक. ७ इंची ईपी बहुतेक ४५ फेऱ्यांची.

एचएमव्हीच्या एलपीवर क्रमांकाआधीची अक्षरं बघा. ईएएलपी, ईसीएलपी म्हणजे मोनो; ईएएसडी, ईसीएसडी म्हणजे स्टिरिओ. सातचा आकडा आणि ईपीई आलं की ते ईपी.

त्या ढिगात नाशिकच्या दृष्टीने काही खास असू शकतं का?

असू शकतं. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचा रामनाम आधाराश्रम नाशिकचा आणि त्यांचे चिरंजीव दत्तात्रेय विष्णु पलुस्कर यांचा जन्मही १९२१ मध्ये इथलाच. डी. व्हीं.चं निधन १९५५ मध्ये, अवघ्या चौतिसाव्या वर्षी झालं. त्यांच्या हयातीतल्या रेकॉर्ड लाखेच्या. एलपी नंतर जुन्या ध्वनिमुद्रणांवरून निघाल्या. म्हणून त्यांची ७८ ची रेकॉर्ड निघाली तर तिला एलपीची 'जुनी आवृत्ती' समजून बाजूला टाकू नका, मूळ तीच आहे. नाट्यसंगीताच्या ७८ च्या रेकॉर्ड, विशेषतः एचएमव्ही, ओडियन, कोलंबिया आणि यंग इंडिया या लेबलांच्या, फुटक्या नसतील तर जाणकाराला दाखवल्याशिवाय देऊ नका.

पुराच्या पाण्यात भिजलेल्या रेकॉर्ड वाचतात का?

व्हिनाइलच्या बहुतेक वाचतात, कव्हरं अर्धीमुर्धी. २००८, २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सराफ बाजार, भांडी बाजार या पट्ट्यात पाणी शिरलं होतं. तळमजल्यावर रेकॉर्ड ठेवणाऱ्या घरांनी हे माहीत करून ठेवावं.

पहिल्या ४८ तासांत रेकॉर्ड कव्हराबाहेर काढा. एकदा कागद सुकून चिकटला की खाचेतून निघत नाही. चिखल पुसू नका, नळाच्या बारीक धारेखाली रेकॉर्ड गोल फिरवत वाहू द्या. वरचं लेबल तळव्याने किंवा डब्याच्या झाकणाने झाकून ठेवा. शेवटचं पाणी डिस्टिल्ड वॉटरचं. भांड्यांच्या स्टँडमध्ये पंख्याखाली उभी वाळवा, उन्हात कधीच नाही.

लाखेची रेकॉर्ड पाण्यात बुडवून ठेवू नका. काहींच्या पोटात कागदाचा थर असतो, तो फुगला की वरचा थर सुटतो. लगेच धुवा, लगेच टिपा.

कव्हर उघडून कोऱ्या कागदात, वजनाखाली ठेवा आणि दर तीन-चार तासांनी कागद बदला. छापील वर्तमानपत्र वापरलंत तर त्याची शाई कव्हरावर उतरते.

एरवी रेकॉर्ड धुवायची कशी? फेविकॉल लावून साफ होते म्हणतात.

व्हिनाइलसाठी तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लिटरमागे भांड्यांच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. मऊ केसांचा रुंद ब्रश खाचेच्या दिशेनेच, गोल फिरवायचा, आडवा कधी नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा धुवायचं. हा टप्पा लोक गाळतात आणि मग "धुतल्यावर खरखर वाढली" म्हणतात. ती साबणाची सुकलेली राप असते. नळाच्या पाण्यातले क्षारही तसेच बसतात. मायक्रोफायबरने टिपून तासभर वाळू द्या.

लाखेला अल्कोहोलचा थेंबही लागता कामा नये. लाख त्यात विरघळते. फर्निचरचं पॉलिश तसंच तर बनतं. तिला फक्त डिस्टिल्ड पाणी आणि लिक्विडचा एखादा थेंब.

फेविकॉलच्या कुळातला गोंद व्हिनाइलला घट्ट चिकटत नाही, सुकून पापुद्र्यासारखा निघतो आणि घाण घेऊन येतो, हे खरं. पण थर पातळ पडला की पापुद्रा फाटतो, तुकडे खाचेत राहतात आणि लेबलच्या कडेला लागला तर लेबल उपटतो. लाखेवर तर हा प्रयोग करूच नका. ब्रशने अर्ध्या तासात जे होतं त्यासाठी हा धोका घेण्यात अर्थ नाही.

दुकानदार माझ्या रेकॉर्डना इतके कमी पैसे का देतो? इंटरनेटवर तर हजारांत भाव दिसतात.

इंटरनेटवर दिसतो तो मागितलेला भाव. विकलेला भाव वेगळा असतो आणि तोही विशिष्ट अवस्थेतल्या प्रतीचा.

हिशेब मांडून बघा. समजा, १०० रेकॉर्डचा गठ्ठा दुकानदाराने ८,००० रुपयांना घेतला. त्यातल्या २५ वाजवण्यालायक नाहीत. ४५ अशा की १५० च्या वर कोणी देणार नाही. २५ प्रत्येकी ४०० ला आणि ५ प्रत्येकी १,२०० ला जातील. सगळ्या विकल्या तर ६,७५० अधिक १०,००० अधिक ६,०००, म्हणजे २२,७५०. खरेदी वजा करून १४,७५०. धुणं आणि नवी पिशवी नगामागे २० रुपये धरली तर ७५ नगांचे १,५०० गेले. उरले १३,२५०. आता त्या पाच पहिल्या आठवड्यात जातात, पण दीडशेवाल्या ४५ दोन वर्षं फळीवर बसतात. दुकानाचं भाडं महिना १२,००० असेल तर अख्खा गठ्ठा विकून एका महिन्याचं भाडं निघालं. वीज, मदतनीस आणि घर अजून बाकीच आहे.

म्हणून पाच चांगल्या रेकॉर्ड काढून घेऊन उरलेल्या ९५ दुकानदाराला दाखवल्या तर तो हात जोडेल. त्याला अख्खा गठ्ठा दाखवा आणि दोन ठिकाणी भाव विचारा. तेवढं न्याय्य आहे.

घेताना रेकॉर्ड तपासायची कशी?

ट्यूबलाइटखाली नाही, एका दिव्याच्या तिरप्या उजेडात. बारीक केसासारखे चरे बहुतेक वेळा ऐकू येत नाहीत. नखाला जाणवणारा चरा मात्र हमखास वाजतो. आडवा चरा असेल तर एलपीवर दर १.८ सेकंदाला एक 'टिक' पडेल. खाचेच्या दिशेने गेलेला चरा जास्त वाईट, तिथे सुई अडकते आणि तीच ओळ पुन्हा पुन्हा वाजते.

काळा पृष्ठभाग राखाडी दिसत असेल तर ती धूळ नाही, जड सुईने झालेली झीज आहे. धुऊन जात नाही. मधल्या भोकाभोवती लेबलवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा असतील तर रेकॉर्ड पुष्कळ वेळा लावली गेली आहे.

दुकानात प्लेअर असेल तर ऐकून घ्या, पण शेवटचं गाणं ऐका. मध्याकडे खाचेचा वेग कमी होतो, तिथे झीज सर्वांत आधी फाटक्या आवाजात कळते. पहिल्या गाण्यावर निर्णय घेऊ नका. आणि तासभर ऐकून, फोटो काढून, घरी जाऊन ऑनलाइन मागवू नका. त्या तासाचं भाडं दुकानदाराने भरलेलं असतं.

कोणता प्लेअर घ्यावा? आजोबांचा फिएस्टा चालेल का?

पेटीत बसणारे स्वस्त नवे प्लेअर आम्ही सुचवत नाही. त्यांतली सिरॅमिक कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) पाच-सहा ग्रॅमचा दाब देते आणि तो कमीही करता येत नाही. बेल्टचा, मागे वजन फिरवता येणारा, मॅग्नेट कार्ट्रिजचा प्लेअर घ्या. त्याला फोनो प्रीॲम्प (कार्ट्रिजचा बारीक आवाज वाढवणारं यंत्र) लागतो. साध्या ऑक्सला जोडलात तर आवाज बारीक आणि खर्जाशिवाय येतो, आणि लोक प्लेअर बिघडला समजून परत करतात.

दाब असा लावा : आर्म मोकळा सोडून मागचं वजन फिरवत तो हवेत आडवा तरंगेल असं करा. आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग वजन आणि चकती एकत्र फिरवून कार्ट्रिजच्या कागदावर दिलेला आकडा लावा, बहुतेक वेळा २ ग्रॅमच्या आसपास. अँटिस्केटिंगही (आर्म मध्याकडे ओढला जाऊ नये म्हणून असलेली सोय) तेवढंच. खात्रीसाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा चालतो, मात्र त्याचं ताट लोखंडी नको. कार्ट्रिजमधलं चुंबक ते ओढतं आणि आकडा खोटा येतो.

एचएमव्हीच्या फिएस्टासारखा जुना प्लेअर ठीक करता येतो. आत रबरी चाक कडक झालेलं असतं, त्यामुळे घरघर येते आणि वेग डळमळतो. ते चाक, सुई आणि वाळलेलं ग्रीस, एवढ्या तीन गोष्टी बघितल्याशिवाय त्यावर चांगली रेकॉर्ड लावू नका.

गाणं खालच्या पट्टीत येतंय असं वाटतं. भास आहे का?

भास नसावा. वेग मोजायला स्ट्रोबची, म्हणजे रेघा छापलेली, चकती रेकॉर्डवर ठेवा. आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेला ३३ १/३ साठी १८० रेघा लागतात, ४५ साठी १३३ आणि ७८ साठी ७७. रेघा स्थिर दिसल्या तर वेग बरोबर. फिरण्याच्या उलट दिशेने मागे सरकत असतील तर कमी, पुढे पळत असतील तर जास्त. चांगल्या एलईडीखाली हे दिसत नाही कारण तो लुकलुकत नाही. टेस्टरमधला निऑन दिवा धरा.

अमेरिकेतून नातेवाइकांनी आणलेला जुना प्लेअर असेल तर आणखी एक अडचण. त्याची मोटर ६० हर्ट्झसाठी असते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज ११० केलं तरी हर्ट्झ बदलत नाही. ३३ १/३ चे २८ च्या खाली फेरे होतात आणि काळी एकमधला गवई खालच्या काळी पाचमध्ये गायला लागतो. मोटरवरची कप्पी मोठ्या व्यासाची करून घ्या. नाशिकमध्ये लेथवर काम करणाऱ्यांची कमी नाही.

पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन स्वस्तात मिळतोय. घेऊ का?

बहुधा नव्याने जोडलेला आहे. लखलखीत पितळी कर्णा, त्याच्या मागची पातळ खडबडीत नळी, नवीन लाकडावर कोरी 'हिज मास्टर्स व्हॉइस'ची पट्टी आणि आत कुठल्यातरी पोर्टेबलची मोटर, असा हा प्रकार. शोभेला ठेवायचा तर ठीक, चांगली रेकॉर्ड त्यावर लावू नका.

खऱ्या चावीच्या यंत्रावर स्टीलची सुई प्रत्येक बाजूला नवी लागते. लाखेत दगडाची पूड असते. ती पहिल्या काही फेऱ्यांत सुईला घासून खाचेचा आकार देते. बाजू संपेपर्यंत सुईला धारदार कडा येतात आणि दुसऱ्यांदा वापरलीत तर त्या कडा खाच तासतात. एलपी या यंत्रावर कधीही नाही, एकदाच वाजवली तरी ती गेली. उलट, ७८ ची रेकॉर्ड एलपीच्या सुईने वाजवू नका. ती सुई चार पट बारीक असते आणि खाचेच्या तळात घाण चाळत राहते.

नाशिकच्या हवेत ठेवायच्या कशा?

पावसाळ्यात भिंतीला लागून नको, बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं अंतर. उन्हाळ्यात बंद गाडीत अर्धा तासही नको. फळी १८ मिलिमीटर प्लायची, आतली उंची आणि खोली ३३ सेंटिमीटरच्या वर, दर फूट-सव्वाफुटाला उभी फळी. एका फुटात साधारण ७५-८० एलपी मावतात आणि वजन १५-२० किलो होतं, हे सुताराला आधीच सांगा. पीव्हीसीच्या जाड पिशव्या टाळा, वर्षानुवर्षांत त्या रेकॉर्डवर धुरकट डाग पाडतात. डांबरगोळ्यांचा वास कव्हरातून जात नाही.

दुकानदार पेन ड्राइव्हवर भरून देईल का?

चालू हक्क असलेली रेकॉर्ड त्याने भरून देणं बेकायदा आहे. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं असतो. गीतकार-संगीतकारांचा हक्क वेगळा, त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. घरच्या कॅसेट, म्हणजे बारसं, लग्न, आजोबांचं कीर्तन, यांची गोष्ट वेगळी. त्या डिजिटल करून देण्याचे पैसे दुकानदाराने घ्यावेत आणि तुम्ही द्यावेत.

आज नाशिकमध्ये रेकॉर्डचं दुकान काढलं तर चालेल का?

फक्त रेकॉर्ड विकून नाही. वरचा हिशेब पुन्हा वाचा. चालण्याची शक्यता आहे ती सेवेवर : नगामागे ठरलेल्या दराने धुलाई, सुया आणि बेल्ट, जुन्या प्लेअरची दुरुस्ती, घरच्या कॅसेटचं डिजिटायझेशन. रेकॉर्ड गिऱ्हाईक आणतात, दुरुस्ती भाडं भरते. नवी एलपी दोन-तीन हजारांच्या घरात जाते, तेव्हा नव्या मालात भांडवल अडकवू नका. मागणी आली की आगाऊ घेऊन मागवा.

जागा मुख्य रस्त्यावर नको. हे गिऱ्हाईक शोधत येतं, पहिला मजला चालतो, आणि पुराच्या दृष्टीने बराही. प्रत्येक रेकॉर्डवर अवस्था पेन्सिलने लिहा आणि अर्धा दर्जा कमीच लिहा. घरी नेऊन लिहिल्यापेक्षा चांगली वाजली तर तो माणूस पुन्हा येतो. जीएसटीची नोंदणी असेल तर सीएला नियम ३२(५) विचारा. जुन्या मालावर, खरेदीच्या कराचं क्रेडिट घेतलेलं नसेल तर, खरेदी-विक्रीतल्या फरकावरच कर लागतो. हे माहीत नसल्याने अख्ख्या रकमेवर कर भरला की नफा तिथेच संपतो.

बाहेरगावी पाठवायची तर?

रेकॉर्ड कव्हरातून काढून वेगळ्या पिशवीत, कव्हराच्या मागे ठेवा. आत राहिली तर धक्क्याने ती कव्हराची शिवण फाडून बाहेर येते. दोन्ही बाजूंना ३३ सेंटिमीटरचे खोक्याचे पुठ्ठे, एकाच्या रेघा उभ्या, दुसऱ्याच्या आडव्या. लाखेच्या रेकॉर्डमध्ये प्रत्येक दोनच्या मध्ये फोम, सगळ्यांना मिळून एक खोकं, आणि ते खोकं दुसऱ्या मोठ्या खोक्यात, चहूबाजूंनी दोन इंच चुरगळलेला कागद भरून. बाहेरचं खोकं हलवून बघा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर उघडून पुन्हा भरा.